दस्तरखानावरची भाकरी

मुसलमानांच्या घरी काय शिजते, असे कोणालाही विचारले तर उत्तर ठरलेले असते : बिर्याणी. रमजान आला की वर्तमानपत्रांचे रकाने कबाबांनी भरतात आणि ईद आली की शीरखुर्म्याने. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण या कौतुकात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. बिर्याणी वर्षातून किती वेळा होते? लग्न, अकीका, ईद आणि कधी खास पाहुणे. उरलेल्या दिवसांचे काय? वर्षातले तीनशेहून अधिक दिवस जे ताटात पडते, त्याचा इतिहास कोणी लिहायचा?

आम्ही शिक्षकी पेशातली माणसे. इतिहासाचे पुस्तक रोज हातात असते. त्यात लढाया आहेत, तह आहेत, सनावळ्या आहेत. रोजच्या भाकरीला मात्र जागा नाही. मुस्लिम समाजाच्या बाबतीत ही उणीव दुप्पट होते. आमचा दरबार तेवढा दिसतो, चूल दिसत नाही. मग साहजिकच असा समज होतो की हा समाज बाहेरून आला आणि त्याचे खाणेपिणेही बाहेरचेच आहे. खेदाची गोष्ट ही की आपल्यापैकी काहींनाही हा समज सुखावतो. नबाबी दस्तरखानाचे वारस म्हणवून घेणे बरे वाटते, ज्वारीच्या भाकरीचे वारस म्हणवून घेणे कमीपणाचे वाटते. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. माणूस कोणत्या मातीतला आहे हे त्याच्या सणाच्या ताटावरून कळत नाही, रोजच्या भाकरीवरून कळते.

जवाची भाकरी

सुरुवात मदिनेपासूनच करू. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या घरातील अन्नाबद्दल हदीसमध्ये जे उल्लेख आहेत, ते कोणत्याही मेजवानीचे नाहीत. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार त्या घराला सलग दोन दिवस जवाची भाकरीही पोटभर मिळाली नाही. हजरत सहल बिन सअद (रजि.) यांना कोणीतरी विचारले की त्या काळी चाळण्या होत्या का? त्यांनी सांगितले की चाळणी नव्हती. जव दळायचे, फुंकर मारायची, उडेल तेवढा कोंडा उडायचा आणि राहील त्या पिठाची भाकरी व्हायची. त्या काळचा आवडता पदार्थ होता सरीद, म्हणजे रश्शात कुस्करलेली भाकरी. आमच्याकडे शेतकरी कालवणात भाकरी चुरून खातो, त्याच जातीचे हे अन्न.

पुढे इस्लाम देशोदेशी गेला, पण अरबस्तानातली भाकरी त्याने कोणावर लादली नाही. तो जेथे गेला तेथली भाकरी त्याच्या दस्तरखानावर आली. इजिप्तमध्ये भाकरीला 'ऐश' म्हणतात, या शब्दाचा मूळ अर्थच जगणे. मोरोक्कोत घरी मळलेले 'खोब्ज'चे गोळे फळीवर ठेवून मोहल्ल्याच्या भट्टीत, म्हणजे 'फर्रान'मध्ये, पाठवण्याची जुनी चाल आहे. कोणाची भाकरी कोणती हे ओळखू यावे म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. सुदानमध्ये ज्वारीचे पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्या भाकरीला 'किसरा' म्हणतात. आपल्या घावनाची ती सख्खी बहीण शोभावी.

तुर्कस्तान, इराण, अझरबैजान, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान येथील घरगुती पातळ रोट्यांची परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्याआधी दोनच वर्षे, २०१४ मध्ये, शेजारच्या ख्रिस्ती आर्मेनियाच्या 'लवाश' रोटीची नोंद त्याच यादीत झाली होती. रोटी जवळजवळ एकच, चूल एकच, भाजणाऱ्या बायकाही तशाच गोलाकार बसलेल्या; सरहद्दीच्या दोन बाजूंना धर्म तेवढे वेगळे. भाकरी धर्म विचारत नाही, ती पाऊस आणि जमीन विचारते.

हिंदुस्थानातील दस्तरखान

हिंदुस्थानातही हेच घडले. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात, मुहम्मद तुघलकाच्या काळात, येथे आला. त्याने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तूप घालून खाण्याच्या पदार्थाची नोंद केली आहे. त्याचे नाव त्याने 'किशरी' असे लिहिले आणि लोक रोज सकाळी हेच खातात असेही नमूद केले. ही आपली खिचडी. मराठवाड्यात आणि हैदराबादेत मुस्लिम घरांतून आजही सकाळच्या नाश्त्याला खिचडी होते. सोबत चिंचेचा खट्टा, भाजलेला पापड आणि ऐपत असेल त्या दिवशी खिमा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्या नात्याची ही खूण आजही न्याहारीच्या ताटात आहे.

हाच इब्न बतूता पुढे पश्चिम किनाऱ्यावर होनावरला राहिला. गव्हाच्या भाकरीवर वाढलेल्या त्या माणसाला तेथे महिनोन्‌महिने फक्त भात मिळाला. किनारपट्टी, मालदीव आणि सिलोन मिळून तीन वर्षे भात खाऊन तो इतका कंटाळला की पाण्याचा घोट घेतल्याखेरीज घास उतरेना, असे तो सांगतो. म्हणजे किनाऱ्यावरचा मुसलमान सातशे वर्षांपूर्वीच पक्का भातखाऊ झालेला होता. याच होनावरात मुलींच्या तेरा शाळा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्याचे, आणि असे दुसरीकडे कोठे न पाहिल्याचेही तो लिहितो. शिक्षक म्हणून ही नोंद आम्हाला भाताच्या नोंदीइतकीच मोलाची वाटते.

दरबारी ग्रंथांकडेही एकदा डोळसपणे पाहायला हवे. मांडूच्या सुलतान गियासशाहाच्या काळात सुरू झालेला 'निमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यानंतर शंभरेक वर्षांनी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याची मापे दिली. तांदूळ पाच शेर, मुगाची डाळ पाच शेर आणि तूपही पाच शेर, अशी बादशाही खिचडी त्यात आहे. तंदूरमधली मोठी रोटी आहे, तिला दहा शेर पिठामागे पाच शेर दूध आणि दीड शेर तूप. पण त्याच प्रकरणात तव्यावरची साधी चपातीही आहे आणि ती गरम वाढली तर फार चविष्ट लागते, हा शेराही आहे. बादशहाच्या ताटात चपाती पोहोचली ती कोणा ना कोणा रयतेच्या तव्यावरूनच. 'रोटी' हा शब्दही फारसी नव्हे. फारसीत 'नान' म्हणतात. रोटी, दाल, खिचडी हे शब्द या मातीतले, आणि उर्दूने ते आपलेसे केले. उलट मुरंबा, हलवा, मैदा, खिमा, बर्फी हे शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठी घरात इतके मुरले की त्यांचा मूळ पत्ता आता कोणी विचारत नाही. दिवाळीच्या फराळातली शंकरपाळी ही मूळची 'शकरपारा', हे किती जणांना ठाऊक असते?

कोकण, देश, मराठवाडा

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रातील मुसलमानांचे रोजचे अन्न एक नाही, कारण महाराष्ट्राची जमीनच एक नाही.

रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरात तांदळाची भाकरी होते. सोबत नारळाच्या वाटणाचे मासळीचे कालवण. तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे, आंबवून वाफवलेले सांदण हा तिथला खास पदार्थ. गोव्याच्या ख्रिस्ती घरात त्याच्याच जवळचा 'सान्ना' होतो, आणि कोकणातल्या हिंदू घरांत फणसाचे आणि आंब्याचे सांदण होते. तीन धर्मांच्या तीन चुलींवर वाफ मात्र एकाच तांदळाची. कोकणी मुसलमान अरब व्यापाऱ्यांशी नाते सांगतात आणि फिकहने शाफई आहेत. हे नाते खरेच आहे, पण अरबांचा गहू आणि जव कोकणात रुजले नाहीत. रुजला तो तांदूळ.

घाट चढून देशावर आलो की ज्वारी-बाजरीचा मुलूख. सोलापूर, उस्मानाबाद (आता धाराशिव), बीड, परभणी या पट्ट्यात मुस्लिम घरात जी 'जवारी की रोटी' होते, ती शेजारच्या पाटलाच्या घरातली भाकरीच. नाव बदलले, हात बदलला नाही. गव्हाच्या कणकेला ताण असतो म्हणून ती लाटता येते. ज्वारीच्या पिठाला तो ताण नाही. म्हणून गरम पाण्यात मळायचे, परातीत थापायचे, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायची. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी मोडते. ही सगळी विद्या हाताची आहे. कोणत्याही पाकग्रंथात ती नव्हती. एका बाईने दुसरीला दाखवली आणि अशीच ती शतके ओलांडून आली.

ही ज्वारीसुद्धा मुळात येथली नव्हे. तिचे मूळ आफ्रिकेत आहे. पूर्व सुदानमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकातल्या लागवडीचे पुरावे मिळाले आहेत आणि त्यानंतर ती भारतात आली. बाजरी पश्चिम आफ्रिकेची, गहू पश्चिम आशियाचा, मिरची आणि भुईमूग अमेरिकेचे. 'कोण बाहेरचा' हा प्रश्न ज्याला विचारायचा आहे त्याने आधी आपले ताट समोर घ्यावे.

औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) नान-कलिया प्रसिद्ध आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला, अशी कथा सांगितली जाते. कथा गोड आहे, पण ती थोडी तपासून घ्यावी लागते. आजचा कलिया मिरचीने लाल असतो आणि मिरची हिंदुस्थानात आली ती पोर्तुगीजांच्या मागून, म्हणजे १४९८ नंतर. औरंगाबाद शहराचा पाया मलिक अंबरने घातला तोही १६१० मध्ये, खडकी या नावाने. तेव्हा फौजेच्या भट्टीतला नान कदाचित तुघलकाचा असेल, पण वाटीतला लाल रस्सा दख्खनचाच आहे. शिवाय नान-कलिया हा लग्नाकार्याचा पदार्थ. तो भट्टीवरून येतो, घरच्या तव्यावर होत नाही. त्या शहरातल्या साध्या घरातही रात्रीच्या जेवणाला रोटी, दालचा किंवा अंबाडीची भाजीच असते.

मुंबईची गोष्ट आणखी निराळी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्यांचा 'पाव' या किनाऱ्यावर आला. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा आपण ऐकत आलो आहोत. एके काळी ज्या पावाने धर्म जात असे, तोच आज वड्याला पोटात घेऊन महाराष्ट्राची ओळख झाला आहे. गोव्याचे पाववाले, इराणी बेकरीवाले, उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम भट्टी-कामगार अशा अनेक हातांनी तो भाजला. गिरणगावात आणि मोहल्ल्यांत पाळीच्या कामावर जाणाऱ्या माणसाला सकाळी भाकरी थापून देण्याइतका वेळ घरात नसे. तेथे पाव कामाला आला.

वर्गातला एक तास

एकदा आम्ही इतिहासाच्या तासाला मुलांना सांगितले, की काल रात्री घरी काय खाल्ले ते वहीत लिहा. मुलांना वाटले टीचर चेष्टा करताहेत. लिहून झाल्यावर वह्या पाहिल्या. दाल-चावल, अंडे का सालन, जवारी की रोटी और चटनी, खिचडी-खट्टा, कोणाकडे फक्त चहा-पाव. बिर्याणी एकाही वहीत नव्हती. मागच्या बाकावरच्या एका मुलीची वही कोरी होती. कारण विचारले तर खाली मान घालून म्हणाली, ''टीचर, ये भी कोई लिखने की बात है? रोटी ही तो थी.''

'रोटी ही तो थी' यात जी शरम आहे, तिचाच आम्ही विचार करतो आहोत. जे अन्न पोट भरते ते लिहिण्याजोगे नाही, असे त्या मुलीला कोणी शिकवले? आम्हीच, आणि आमच्या पुस्तकांनी. मग आम्ही वर्गाला १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. त्या वर्षी महाराष्ट्रात ज्वारी पिकली नाही. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे आणि दुष्काळी कामावर सुकडी. मिलोची भाकरी चवीला नकोशी आणि थापायला अवघड. पण खडी फोडणारी आयेशा आणि खडी फोडणारी अनसूया या दोघींच्या फडक्यात तीच भाकरी होती. मुलांनी घरी जाऊन दादी-नानींना विचारले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मिलोच्या इतक्या गोष्टी आल्या की तास पुरला नाही. त्या मुलीनेही तिच्या नानीची गोष्ट सांगितली.

जाते कोणी ओढले?

भाकरीचा इतिहास हा अखेर तिला थापणाऱ्या हातांचा इतिहास आहे, आणि हे हात बाईचे आहेत. हजरत फातिमा (रजि.) यांच्या हाताला जाते ओढून घट्टे पडले होते आणि त्यांनी वडिलांकडे एक सेवक मागितला होता, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पैगंबरांनी (स.) तेव्हा लेकीला झोपण्यापूर्वीची तसबीह शिकवली. आपण तसबीह लक्षात ठेवली, त्या हातांवरचे घट्टे विसरलो.

दख्खनमध्ये मात्र या जात्याला आपल्या सूफींनी ओळखले होते. विजापूरच्या परिसरात दखनी भाषेत 'चक्कीनामा' नावाचा रचनाप्रकार होता. दळताना बायकांनी गायची ही गीते. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अशा रूपकांतून त्यात अल्लाहचे नाव आणि दळणाचे श्रम एकत्र येत. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने १९७०च्या दशकात दाखवून दिले की दख्खनमध्ये इस्लामची शिकवण सामान्य घरांत पोहोचली ती तलवारीने किंवा दरबारी फर्मानाने नव्हे, तर अशा लोकगीतांतून, जात्यावर बसलेल्या बायकांच्या तोंडून. शेजारच्या घरात त्याच पहाटे, तशाच जात्यावर, विठ्ठलाची ओवी चाललेली असे. दोन्ही घरांत दळली जात होती ती ज्वारीच.

मराठी ओव्यांचे नशीब थोडे बरे. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आपल्या घरांतील दखनी गीतांसाठी असे किती जण फिरले? पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण जाते थांबले तसे गाणेही थांबले, आणि ज्यांना ते पाठ होते त्या दादी-नानी एकेक करून जात आहेत.

आणखी एक शब्द. घटस्फोटित किंवा टाकलेल्या बाईच्या पोटगीला उर्दूत 'नान-नफका' म्हणतात. म्हणजे बाईच्या हक्काचा उच्चारच नानपासून, भाकरीपासून सुरू होतो. शाफई आणि हंबली फिकहने तर स्वयंपाक हे पत्नीचे कायदेशीर कर्तव्यही मानलेले नाही. ती करते तो तिचा एहसान. असे असताना जी आयुष्यभर घराला नान भाजून घालते, तिला स्वतःच्या नानासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. १९८५ च्या शाहबानो निकालापासून १० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. भाकरीच्या इतिहासात हे पान न लिहिता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. आपल्या घरात जी सर्वांत वडीलधारी बाई असेल तिच्याजवळ एक वही घेऊन बसा. तिला बिर्याणी विचारू नका, ती सर्वत्र छापून आली आहे. तिला विचारा, की लहानपणी रोज काय खायचात? पीठ कोणत्या धान्याचे होते, कोठून यायचे? दुष्काळात काय केले? दळताना काय म्हणायचात? सुनेला भाकरी थापायला तुम्ही शिकवले की ती माहेरून शिकून आली? पदार्थांची नावे ती ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत लिहा, उर्दू किंवा मराठी शुद्ध करायला जाऊ नका. तारीख घाला, गावाचे नाव घाला आणि सांगणारीचे पूर्ण नाव घाला. 'अमक्याची आई' असे नको.

शाळांतील आमच्या सहकाऱ्यांनीही हा उपक्रम वर्गात करून पाहावा, मग शाळा उर्दू माध्यमाची असो की मराठी. दोन्ही वर्गांतल्या वह्या शेजारी ठेवल्या तर मुलांना जे कळेल ते आमच्या दहा व्याख्यानांनी कळणार नाही.